खुर्ची थांबेल तिथे

बर्फावर झटक्यात ब्लॅकआउट करायचा नसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही वाटलं नाही. पुण्यात बारा वर्षं प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना केल्यावर ब्लॅकआउटबद्दल कुणाला काय विचारणार? शेवटचं वाक्य संपतं, दिव्यांचा फेडर खाली येतो, अंधार होतो. नट जागच्या जागी थांबतो, नाहीतर मोजून चार पावलं टाकत विंगेत जातो.

न्यू जर्सीतल्या एका आइस रिंकवर, स्केट घालून बर्फावर करायच्या आमच्या नाटकाची पहिली तांत्रिक तालीम होती. रात्रीचे साडेदहा झाले होते, कारण त्याआधीचा सगळा वेळ हॉकीवाल्यांचा. दुसऱ्या प्रसंगाच्या शेवटी चार जण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे निघतात, संगीत मध्येच तुटतं आणि अंधार होतो, असं माझ्या क्यू-शीटवर, म्हणजे कधी कुठला दिवा ते टिपलेल्या कागदावर, लिहिलेलं होतं. मी तसं केलं. संगीत थांबलं, दिवे गेले, माणसं थांबली नाहीत. अंधारात पात्यांचा खर्र खर्र आवाज पुढे जात राहिला आणि मग कठड्यावर अंग आदळल्याचा आवाज आला. दिवे लावले तेव्हा एक मुलगी कठड्याशी बसली होती, डावं मनगट उजव्या हातात घट्ट धरून.

हाड मोडलं नव्हतं, दहा दिवसांनी ती परत बर्फावर आली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या एका बोटाने कुणाला तरी इजा झाली, हे बारा वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं.

आमच्या दिग्दर्शिका साठीच्या पुढच्या. नाटक शिकवणाऱ्या मोठ्या माणसाला आपल्याकडे ज्या आदराने ‘बाई’ म्हणतात, तसं मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे. त्या ओरडल्या नाहीत. मुलीच्या मनगटावर बर्फाची पिशवी बांधून झाल्यावर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तू कधी बर्फावर उभी राहिली आहेस?”

मी नाही म्हटलं.

“मग सकाळी सहाला ये. बूट इथे भाड्याने मिळतात.”

इथवर मी आले कशी, ते आधी सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आइस शो म्हणजे माझ्या लेखी तिच्यासाठी पाहिलेला डिस्नी ऑन आइस. राजकन्या, हिममानव, हातात चमकणारी खेळणी घेऊन ओरडणारी हजारो मुलं. तिला तो फार आवडला, मलाही बरा वाटला, पण त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. मग एका हिवाळ्यात न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरच्या उघड्या रिंकपाशी दुपारच्या वेळी गर्दी दिसली म्हणून थांबले. साध्या काळ्या कपड्यांतली दोन माणसं बर्फावर होती. उड्या नाहीत, गिरक्याही मोजक्या. एकमेकांपासून लांब जाणं आणि परत जवळ येणं, एवढंच चाललं होतं. पण लांब जाताना ती पाऊल उचलत नव्हती. पाठीला पाठ लावून सुटली आणि नुसती वाहत दूर गेली, जशी दोन माणसं आयुष्यात नकळत दूर जातात. कठड्याशी उभे असलेले ऑफिसवाले हातातली कॉफी विसरून बघत होते. आइस थिएटर ऑफ न्यूयॉर्क असं त्या संस्थेचं नाव, मोइरा नॉर्थ यांनी 1984 मध्ये काढलेली. मला त्या क्षणी पहिला विचार सुचला तो प्रकाशाचा. हे उन्हात चाललंय, याला रात्र हवी, आणि एकाच बाजूने येणारा उजेड हवा.

त्यानंतर शोधत शोधत आमच्या भागातल्या एका लहान मंडळापर्यंत पोचले. दहा-बारा जणांचं मंडळ. काही जण पूर्वी स्पर्धांमध्ये उतरलेले, एक शाळेत शिकवणारी, एक रात्रपाळीची नर्स. त्यांना प्रकाशयोजना करणारं कुणी नव्हतं आणि द्यायला पैसेही नव्हते. मी पैसे मागितले नाहीत. मला ते काम हवं होतं.

सकाळी सहाला गेले. बाईंनी माझ्या बुटांच्या नाड्या स्वतः वाकून ओढल्या, घोट्यापाशी इतक्या घट्ट की रग लागली. मग बर्फावर नेऊन हात सोडला. पुढचा अर्धा तास मी फक्त पडत होते. पण त्या पडण्यात एक गोष्ट कळली. जमिनीवर आपण थांबलेले असतो आणि हलण्यासाठी काहीतरी करावं लागतं. बर्फावर एकदा ढकलल्यावर आपण चाललेलेच असतो, आणि थांबण्यासाठी काहीतरी करावं लागतं. माझ्या ब्लॅकआउटची चूक एवढीच होती. अंधारात नट थांबतो हे मी गृहीत धरलं होतं, आणि इथे थांबणं हीच मेहनतीची गोष्ट होती.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी मला पात्याच्या कडा दाखवल्या. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मध्ये बारीक पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. शरीर जरा आत कललं की आतली कड लागते, बाहेर कललं की बाहेरची. आणि पातं लांबीतही किंचित वाकलेलं असल्यामुळे कडेवर गेलेला माणूस सरळ जात नाही, त्याची वाट वळत जाते. बाईंनी बाहेरच्या कडेवर एक मोठं वर्तुळ काढलं, सुरुवातीच्या जागी येऊन पाय बदलला आणि दुसरं काढलं. बर्फावर इंग्रजी आठचा आकडा उमटला. मग त्याच रेषेवरून परत गेल्या. दुसरी रेघ पहिलीपासून बोटभरही सरकली नव्हती. “पूर्वी स्पर्धेत निम्म्याहून जास्त गुण याला असायचे,” त्या म्हणाल्या. “1990 नंतर जागतिक स्पर्धांतून हे काढूनच टाकलं. टीव्हीवर बघायला कंटाळवाणं होतं ना.”

मी गुडघ्यावर बसून ती रेघ जवळून पाहिली. धाग्याएवढी बारीक, दोन्ही बाजूंना पिठासारखा बर्फाचा भुगा. आणि तेव्हा माझा सगळा प्रकाश-आराखडा चुकलाय हे लक्षात आलं. मी रिंकचे रंगमंचासारखे चौकोन पाडले होते: उजवीकडे पुढे, मध्ये, डावीकडे मागे. प्रत्येक चौकोनाला दोन दिवे. पण या लोकांच्या हालचालीत चौकोन नव्हतेच, सगळ्या कमानी होत्या. रंगमंचावर नट एका जागी पोचतो आणि तिथून बोलतो. इथे बोलणं सगळं वाटेतच होतं. मी आराखडा फाडला आणि बाईंच्या रेघांवरून नवा काढला.

तालमीनंतर आम्ही बूट काढायच्या खोलीत बसायचो. मी थर्मासमधून आल्याचा चहा न्यायचे, बाईंना तो आवडू लागला होता. त्या तरुणपणी काही वर्षं एका मोठ्या फिरत्या आइस शोच्या कोरसमध्ये, म्हणजे समूहात स्केट करणाऱ्यांत होत्या. आठवड्याला बारा-तेरा खेळ, डोक्यावर पिसांचा मुकुट. त्यांनी मला ‘पिनव्हील’ समजावून सांगितलं. पंचवीस-तीस मुली एका रांगेत हातात हात घालून मध्याभोवती फिरतात, घड्याळाच्या काट्यासारख्या. मधली जवळपास जागेवर असते आणि टोकाची सगळ्यात वेगात. एकेक मुलगी मागून धावत येऊन टोकाला जोडली जाते. शेवटच्या मुलीला ती रांग पकडण्यासाठी जिवाच्या आकांताने स्केट करावं लागतं, आणि तिने हात पकडला की अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. बाई ती शेवटची मुलगी होत्या. “मला त्या टाळीचा अभिमान होता,” त्या म्हणाल्या, “पण मी कोण होते हे त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं.”

बर्फावरच्या खेळांचा सगळा इतिहास मला त्यांच्याकडून असाच तुकड्या-तुकड्यांनी कळला. बाकीचा मी वाचून काढला. 1860 च्या दशकात जॅक्सन हेन्स नावाचा अमेरिकन नर्तक संगीतावर स्केटिंग करू लागला तेव्हा त्याच्या देशात ते कुणाला रुचलं नाही. तो युरोपात गेला आणि व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे बर्लिनच्या अ‍ॅडमिरल्सपालास्ट या करमणूकगृहात बर्फावर बॅले व्हायला लागले. तिथली शार्लोट नावाची सतरा वर्षांची मुलगी 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या हिपोड्रोम थिएटरमध्ये आली आणि महिनोन् महिने प्रेक्षकांची रीघ लागली. म्हणजे बर्फावरचं नाट्य ही अलीकडची टूम नाही. सुरुवातीलाच ते होतं.

मग मोठे खेळ आले. 1936 मध्ये शिपस्टाड बंधू आणि ऑस्कर जॉन्सन यांचं आइस फॉलीज, 1940 मध्ये आइस कॅपेड्स, 1943 च्या सुमारास हॉलिडे ऑन आइस, ज्यांनी गावोगाव वाहून नेता येईल अशी रिंक वापरली. आणि नॉर्वेची स्केटर सोनिया हेनी. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, दहा जागतिक अजिंक्यपदं. मग हॉलिवूड आणि स्वतःचा फिरता आइस शो. बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी यंत्र फ्रँक झांबोनी यांनी कॅलिफोर्नियात 1949 मध्ये तयार केलं, तेव्हा सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत हेनी होत्या. मला ही माहिती फार महत्त्वाची वाटते. मध्यंतराच्या थोड्या वेळात बर्फ नवा करणं त्यामुळे सोपं झालं. रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण नटांची नावं लिहितो. पण गॅसबत्ती जाऊन वीज आली तेव्हा अभिनयही बदलला, तसंच हे.

त्या मोठ्या खेळांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. हजारो माणसांनी त्यांच्यामुळे पहिल्यांदा बर्फ पाहिला, आणि बाईंसारख्या शेकडो जणींचं पोट त्यावर चाललं. पण त्यांची बांधणी आपल्या दशावतारातल्या ट्रिकसीनसारखी होती. एक चमत्कार, टाळी, पुढचा चमत्कार, टाळी. मधलं सगळं म्हणजे पुढच्या चमत्काराकडे जायचा रस्ता. संगीत नाटकात वन्समोअर मिळाला की प्रसंग तिथेच थांबायचा, मेलेलं पात्रही उठून पुन्हा गायचं असं जुने लोक सांगतात. प्रेक्षकांना आनंद मिळायचा, यात शंका नाही. पण नाटक तेवढ्यापुरतं बाजूला उभं राहायचं.

हा रस्ताच खेळ आहे, असं ज्याने ठासून सांगितलं तो जॉन करी. बर्मिंगहॅमचा मुलगा. त्याला नाच शिकायचा होता, वडिलांनी नाही म्हटलं. स्केटिंग हा खेळ, म्हणून त्याला परवानगी मिळाली. 1976 मध्ये युरोपियन, ऑलिंपिक आणि जागतिक अशी तिन्ही विजेतेपदं त्याने एका वर्षात मिळवली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या केंब्रिज थिएटरमध्ये स्वतःचं ‘थिएटर ऑफ स्केटिंग’ उभं केलं. त्याने कोरिओग्राफर आणले ते नृत्याच्या जगातून: ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन, पीटर मार्टिन्स. मंडळातल्या सगळ्यांना तो रोज वर्ग घ्यायचा, बॅलेवाले भिंतीलगतची दांडी धरून करतात तसा, फक्त कडा आणि तोल. 1984 मध्ये त्याचं मंडळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर उतरलं. पुढे पैशांअभावी ते मोडलं. 1994 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, एड्समुळे तो गेला. त्याची चित्रफीत पाहताना मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल तर उडीनंतरचा क्षण. तो उतरतो, आणि उतरणं हीच पुढच्या हालचालीची सुरुवात असते. टाळीला जागाच नाही. प्रेक्षकांचे हात वर येतात आणि तसेच राहतात.

त्याच 1984 च्या फेब्रुवारीत सारायेवोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीने रावेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य केलं. ते संगीत नियमापेक्षा काही सेकंदांनी लांब होतं. वेळ मोजायला सुरुवात व्हायची ती पातं बर्फाला लागल्यापासून. म्हणून दोघं सुरुवातीला गुडघ्यांवर बसून राहिली आणि हातांनीच खेळ सुरू केला. नियमातून काढलेली पळवाट, पण त्यातून केवढी सुरुवात मिळाली! स्पर्धेच्या मैदानावर दोन माणसं गुडघ्यांवर, एकमेकांकडे तोंड करून, आणि अजून काही घडलेलंच नाही.

आमच्या खेळाची गोष्ट साधी होती. आई गेल्यानंतर तीन मुलं तिचं घर रिकामं करतात. संवाद नाहीत. चादरी, एक टेबल, पाच लाकडी खुर्च्या. बाईंनी खुर्च्यांच्या पायांना खालून गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. तिसऱ्या प्रसंगात थोरली मुलगी आईची खुर्ची हलकेच ढकलते आणि निघून जाते. खुर्ची एकटीच, हळूहळू, रिंकच्या मध्यापर्यंत घसरत जाते आणि आपली आपण थांबते. तालमीत ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लाकडी रंगमंचावर ही गोष्ट करताच येत नाही. तिथे रिकाम्या खुर्चीला कुणीतरी ओढावं लागेल, दोरी लागेल, आणि दोरी दिसेल.

आता या सगळ्याला उजेड द्यायचा होता, आणि बर्फ काही ऐकत नव्हता. पहिला त्रास चकाकीचा. समोरून टाकलेला प्रकाश बर्फावर आपटून पलीकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जायचा. दुसरा त्रास बर्फाखालच्या हॉकीच्या रेघांचा. मधली लाल, दोन निळ्या, वर्तुळं वेगळी. मोठी मंडळी बर्फ पांढरा रंगवून घेतात. आम्हाला रिंक फक्त तासावर मिळत होती. मृत आईच्या घरात हॉकीचं मैदान दिसत होतं. तिसरा त्रास सगळ्यात अवघड. नृत्याला जो खालून, बाजूने येणारा प्रकाश शोभतो, तो इथे टाकला तर वेगात त्या दिशेने येणाऱ्याला कठडा दिसेनासा होतो. हे मला वाचून नाही कळलं. बाईंनी मला स्वतः दिव्याकडे तोंड करून स्केट करायला लावलं. मी तेव्हा फार हळू जात होते, तरी पोटात खड्डा पडला.

शेवटी पुण्याला फोन केला, माझ्या सरांना. त्यांनीच मला पहिला डिमर हातात दिला होता. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते, पण ते चालायला निघण्याच्या तयारीत होते.

“सर, जमीन पांढरी आहे आणि चमकते. काही सुचत नाहीये.”

“प्रेक्षक कुठे बसलेत?”

“वर. स्टँडमध्ये, उतरत्या पायऱ्यांवर.”

“म्हणजे त्यांना माणसाच्या मागे काय दिसतं?”

मी गप्प झाले.

“अगं, त्यांना मागे जमीनच दिसते. मग तिला जमीन कशाला म्हणतेस? तुझा सायक्लोरामा, रंगमंचामागचा तो पांढरा पडदा, आडवा पडलाय, एवढंच. आधी त्याला रंग दे. माणसं मग बघ.”

सरांनी आयुष्यात आइस रिंक पाहिलेली नाही. पण त्या एका वाक्यावर माझा पूर्ण आराखडा उभा राहिला. दिवे वर छताजवळच्या आडव्या पायपांवर नेले, सरळ खाली बर्फावर रंग टाकला, आणि माणसांसाठी वेगळे, डोक्यापेक्षा बरेच वरून, तिरके. रेघांचंही तिथेच सुटलं. पांढऱ्या बर्फावर लाल प्रकाश पडला की सगळा बर्फ लाल होतो आणि लाल रेघ त्यात बुडून जाते. गडद निळ्यात निळ्या रेघा बऱ्याचशा विरतात. पूर्ण नाही, पण प्रेक्षक विसरून जाईल इतपत. म्हणून मधल्या भागातले प्रसंग तांबूस उजेडात गेले आणि निळ्या रेघांजवळचे निळसर. बाईंनी त्यावरून एका प्रसंगाची जागा बदलली. प्रकाशासाठी दिग्दर्शकाने हालचाल बदलावी, हा मान मला फार थोड्या वेळा मिळाला आहे.

चकाकीचा उपाय बर्फानेच शिकवला. झांबोनी गरम पाण्याचा पातळ थर टाकत जाते. तो वरचा बर्फ किंचित वितळवून त्यातच गोठतो. त्या वेळी बर्फ आरसा असतो, प्रत्येक दिवा त्यात उलटा दिसतो. पण दहा जणांनी वीस मिनिटं त्यावर कडा चालवल्या की पृष्ठभाग मंद होतो, दुधासारखा, आणि रंग सुरेख धरतो. स्केटरांना नवा बर्फ हवा असतो, मला वापरलेला. शेवटी ठरलं की प्रेक्षक येण्याआधी सगळ्यांनी मिळून त्यावर आपला रोजचा वर्ग करायचा. वर्गही झाला आणि माझा बर्फही तयार झाला. रिंकचा बर्फ हॉकीसाठी होता, उणे पाच-सहा अंशांचा, कडक. फिगर स्केटिंगला तो दोन-तीन अंशांनी कमी थंड, मऊ लागतो, म्हणजे कड नीट रुतते. ते काही आम्हाला मिळालं नाही. मुलींनी त्या कडक बर्फावर निभावलं, पण आवाज जास्त यायचा. बाईंनी तो आवाजच संगीतात घेतला.

आणि ब्लॅकआउट? तो मी पूर्ण काढला. त्याऐवजी दिवे सहा-सात सेकंदांत उतरत जायचे, आणि माझा क्यू संगीतावर न ठेवता शेवटच्या स्केटरच्या थांबण्यावर ठेवला. कठड्याच्या कडेने मंद निळा उजेड कायम. मनगट दुखावलेल्या मुलीला मी तो क्यू पाहायला बोलावलं. ती अंधारात तीनदा त्या कोपऱ्याकडे गेली, वेग वाढवत. तिसऱ्या वेळी मागे वळून तिने हात वर केला. मग मी तो क्यू पक्का लिहिला.

मंडळात एका गोष्टीवरून वाद झाला. आमच्यातला एक मुलगा स्पर्धांतून आलेला होता, त्याची डबल अ‍ॅक्सल ही उडी फार सुंदर. शेवटच्या प्रसंगात ती असावी असा त्याचा हट्ट, आणि त्याची बाजू खोटी नव्हती. लोक तिकीट काढून येतात, त्यांनी एकदा तरी श्वास रोखावा. एक-दोघींचं म्हणणं उलट, की उडी आली की लोक खेळ बघणं सोडून मोजायला लागतात. बाईंनी त्या वेळी मॉन्ट्रियलच्या ‘ल पातँ लिब्र’ मंडळींचं 2014 चं ‘व्हर्टिकल इन्फ्लुएन्सेस’ आम्हाला पडद्यावर दाखवलं. त्यात पाच जण साध्या कपड्यांत नुसते वेगाने घसरत असतात, आणि उत्तरार्धात प्रेक्षकांना रिंकच्या टोकाला बसवतात, म्हणजे ती माणसं थेट आपल्या अंगावर येऊन शेवटच्या क्षणी वळतात. छाती धडधडते, आणि ती उडीने नाही. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, उडी ठेवू, पण मी उतरतो तेव्हा हातात चादर असू दे. तसंच झालं. तो उतरतो आणि त्याच वळणात चादर बर्फावरून उचलतो. तीनही खेळांत त्या उडीला टाळी पडली नाही. तो खूश होता. मी हे अगदी जवळून पाहिलं आहे.

पहिल्या खेळाच्या दुपारी भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरून नारळ आणला आणि रिंकमागच्या पार्किंगमध्ये फोडला. बाईंनी विचारलं कशासाठी, मी सांगितलं. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना स्वतः वाटला. अडीचशेच्या आसपास प्रेक्षक आले होते, बरेचसे अंगावर ब्लँकेट घेऊन, कारण आत दहाएक अंश तापमान. त्यात माझ्या ओळखीची चार मराठी कुटुंबंही होती. त्यांच्यातल्या एका काकूंना आमच्या मुलीच्या वाढदिवसाला भेटले होते. मध्यंतरात त्या म्हणाल्या, “अगं, मला वाटलं होतं सर्कशीसारखं काहीतरी असेल.” पुढे काही म्हणाल्या नाहीत, फक्त माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्यांची आई त्याच वर्षी सांगलीला वारली होती, हे मला नंतर कळलं.

खुर्चीची जागा पहिल्या दोन खेळांत ठरल्याप्रमाणे आली. मध्यावर मी एक तांबूस गोल ठेवला होता. ती त्यात येऊन थांबायची, मी चार मोजून बाकी सगळं उतरवायचे. तिसऱ्या दिवशी बर्फ जास्त गुळगुळीत होता की ढकलणाऱ्या मुलीचा हात जड होता, कोण जाणे. खुर्ची गोलातून आत आली आणि थांबली नाही. तशीच पुढे गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर, जिथे मी एकही दिवा लावलेला नव्हता. माझं बोट फॉलो स्पॉटच्या, म्हणजे पात्रामागे फिरवायच्या दिव्याच्या, बटणावर गेलं. तो उचलून तिच्यावर टाकता आला असता. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मी बोट मागे घेतलं.

गोल रिकामा राहिला. त्याचा तांबूस उजेड बर्फावरून पसरत गेला होता, आणि त्याच्या कडेला, अगदी फिकट, खुर्चीची पाठ दिसत होती. ती अजून हलत होती. मी मोजणं सोडून दिलं आणि ती थांबेपर्यंत वाट पाहिली. मग दिवे उतरवायला सुरुवात केली.